पुण्याई कुणाची, कष्ट कुणाचे?

मे आणि जून हे महाराष्ट्रात निकालांचे महिने. दहावी, बारावी, पाठोपाठ अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षा असे निकाल एकामागून एक लागत जातात आणि वृत्तपत्रांची पाने गुणवंतांच्या छायाचित्रांनी भरून जातात. त्यातली काही छायाचित्रे शिकवणी वर्गांच्या पानभर जाहिरातींत असतात, काही बातम्यांत. बातमीतला मुलगा रिक्षाचालकाचा असतो, मुलगी धुणीभांडी करणाऱ्या बाईची असते. मथळा ठरलेला : परिस्थितीवर मात! मध्यमवर्गीय घरांत ही बातमी मोठ्याने वाचली जाते आणि घरातल्या मुलाला सुनावले जाते, ‘‘बघ, दहा बाय दहाच्या खोलीत राहून त्याने हे मिळवले. तुला काय कमी आहे?’’

हा प्रश्न विचारणाऱ्या आईवडिलांच्या ध्यानात येत नाही, पण यशाविषयीचे अर्धे सत्य त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलेले असते. आपल्या मुलाला काहीही कमी नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते. पुढे त्याच मुलाला नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळाला, की मात्र तेच घर अभिमानाने सांगते, ‘‘आमच्या मुलाने सारे स्वतःच्या हिमतीवर मिळवले.’’ निकालाआधी मुलापुढे मोजून दाखवलेल्या सोयी निकालानंतर हिशेबातून गळून पडतात. यात कोणाची लबाडी असते असे नाही. कष्ट माणसाच्या लक्षात राहतात, कारण ते त्याने सोसलेले असतात. वारसा लक्षात राहत नाही, कारण तो मिळवण्यासाठी काहीच सोसावे लागलेले नसते.

यश कष्टाचे की जन्माचे, हा वाद त्यामुळेच कधी संपत नाही. एखाद्या नेत्याच्या चिरंजीवांना उमेदवारी मिळाली, एखाद्या नटाच्या मुलाचा चित्रपट झळकला किंवा आरक्षणाचा विषय निघाला, की तो नव्याने पेटतो. गंमत अशी, की प्रसंग बदलला की तीच माणसे बाजू बदलतात. नेत्याच्या मुलाबद्दल बोलताना त्यांना केवळ वारसा दिसतो. स्वतःच्या मुलाबद्दल बोलताना केवळ कष्ट दिसतात. आणि राखीव जागेवर प्रवेश मिळवलेल्या मुलाबद्दल बोलताना त्याचे कष्टही दिसत नाहीत, त्याला न मिळालेला वारसाही दिसत नाही. मोजमापाची फूटपट्टी माणसागणिक बदलू लागली, की न्याय होत नाही. म्हणून हा प्रश्न एकदा शांत चित्ताने तपासून पाहणे आवश्यक आहे.

जे जळाले नाही, जे कुळाकडे गेले नाही

वारसा म्हटला, की डोळ्यांपुढे जमीनजुमला, वाडा, पेढी, बँकेतल्या ठेवी येतात. महाराष्ट्रातील पांढरपेशा वर्गातील अनेक कुटुंबांकडे हे काहीच उरलेले नव्हते. १९४८ साली गांधीहत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात उसळलेल्या जाळपोळीत कित्येकांची घरे भस्मसात झाली. कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि कोकणापासून देशापर्यंत अनेकांच्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावे झाल्या. चार भांडी आणि एक वळकटी घेऊन पुण्या-मुंबईची वाट धरलेल्या आजोबांची कथा आजही अनेक घरांत सांगितली जाते. ‘‘आमच्याकडे होते काय? आम्ही शून्यातून उभे राहिलो,’’ हे त्या कथेचे तात्पर्य असते.

ती कथा खोटी नाही. त्या पिढीने काढलेल्या हालअपेष्टा खऱ्या आहेत आणि त्यांना कोणी कमी लेखू नये. मात्र त्या वळकटीत काय काय बांधलेले होते, हेही पाहिले पाहिजे. वाडा जळाला, पण अक्षर जळाले नाही. जमीन गेली, पण हिशेब, पत्रव्यवहार, इंग्रजीची तोंडओळख, परीक्षेला बसण्याची सवय या गोष्टी कोणत्याही कायद्याने कुळाच्या नावे होत नाहीत. शहरात एखादा मामा, एखादा दूरचा चुलता आधीच नोकरीत असे. त्याच्या दोन खोल्यांत आणखी एक अंथरूण पडे. कोणत्या कचेरीत जागा निघाली आहे, अर्ज कसा लिहायचा, कोणाला भेटायचे, हे सांगणारे कोणीतरी असे. त्याच जाळपोळीच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाने शहराची वाट धरली, तर त्याच्या वळकटीत यातले काहीही नसे. दोघेही खिशाने सारखेच रिकामे, पण दोघांची सुरुवात एका रेषेवरून झाली असे म्हणता येणार नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू (१९३०-२००२) यांनी या अदृश्य ठेव्याला ‘सांस्कृतिक भांडवल’ असे नाव दिले. मराठीत त्यासाठी फार जुना शब्द आहे : पुण्याई. वाडवडिलांची पुण्याई नातवंडांच्या कामी येते, असे घरोघरी म्हटले जाते. त्यातला दैववादाचा भाग बाजूला ठेवला, तर हे अगदी व्यवहारी निरीक्षण आहे. शाळेच्या पुस्तकातली भाषा ज्या घरात बोलली जाते, त्या घरातल्या मुलाला पहिलीत एकच विषय शिकायचा असतो. ज्याच्या घरची बोली वेगळी, त्याला विषयाबरोबर भाषाही शिकावी लागते आणि गुणपत्रिकेवर हा दुसरा अभ्यास कोठेही नोंदवला जात नाही.

वारशाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा भाग म्हणजे अपयशाची मुभा. पुण्याच्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत अभ्यासिकांमधून दिवसाचे दहा-बारा तास बसणारी हजारो मुले हे जाणतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गातील उमेदवार ३२ वर्षे वयापर्यंत ६ वेळा बसू शकतो. नियम सर्वांना सारखा. पण ज्याचे वडील निवृत्तिवेतन घेत आहेत, त्याला हे सहा प्रयत्न खरोखर करता येतात. ज्याच्या वडिलांनी दोन एकर कोरडवाहूवर कर्ज काढून खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे पाठवले आहेत, त्याच्यासाठी दुसऱ्या अपयशानंतरच परतीची एसटी उभी असते. पहिला चौथ्या प्रयत्नात यशस्वी झाला, तर त्याच्या चिकाटीचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्याची चिकाटी मात्र पैशाअभावी वाटेतच संपलेली असते, आणि तिची बातमी होत नाही.

सात घरांचे दरवाजे

गरिबीतून वर आलेल्या विद्वानांच्या चरित्रांत एक उल्लेख हमखास आढळतो : ‘वार लावून जेवून शिक्षण पूर्ण केले.’ सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात दिवसांची सात घरे ठरलेली असत. कोणी माधुकरी मागे. पुण्यात १९०९ साली सुरू झालेले अनाथ विद्यार्थी गृह याच माधुकरीच्या प्रथेच्या आधाराने उभे राहिले आणि पुढे पुणे विद्यार्थी गृह म्हणून नावारूपाला आले. परक्याच्या दारात ताटावर बसताना त्या मुलांच्या मनाला काय यातना होत असतील, याची कल्पना आजच्या पिढीला येणार नाही. त्यांनी कष्ट केले, अपमान गिळले, दिव्याखाली बसून अभ्यास केला. त्यांचे यश निर्विवादपणे त्यांचे होते.

पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट मान्य करावी लागते. त्या निर्धन मुलाकडे काहीच नव्हते असे म्हणतात, तेव्हा त्याच्याकडे सात दरवाजे होते हे विसरले जाते. ते दरवाजे त्याच्यासाठी उघडत, कारण तो विशिष्ट जातीत जन्मला होता. तितक्याच बुद्धीचा, तितक्याच जिद्दीचा, पण अस्पृश्य मानलेल्या जातीतला मुलगा त्याच गल्लीत आला असता, तर सातांपैकी किती घरांनी त्याला पाटावर बसवले असते? उत्तर सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे दारिद्र्यातही वारसा होता. कष्टाला फळ येण्यासाठी जी किमान भूमी लागते, ती काहींना जन्माने मिळत होती आणि काहींना जन्मामुळेच नाकारली जात होती.

हे ज्यांनी ओळखले, त्यांनी दरवाजे उघडण्याचे काम हाती घेतले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास चालना दिली. १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला. खेड्यातल्या मुलाची बुद्धी कमी नाही, त्याला शहरात रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचे अन्न नाही, हे साधे निदान त्यांनी केले. निदान अचूक होते, म्हणूनच उपाय लागू पडला.

कर्मवीर भाऊराव पाटील त्याच्या पुढे गेले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे भाऊरावांनी संस्थेला दिलेले वाक्य होते. वसतिगृहातली मुले शेतात राबत, स्वयंपाक करत, बांधकामावर दगड वाहत आणि शिकत. ‘कमवा आणि शिका’ या योजनेत या जुन्या वादाचे उत्तर दडलेले आहे. भाऊरावांनी मुलांना भीक घातली नाही आणि त्यांना वाऱ्यावरही सोडले नाही. संधी समाजाने द्यायची आणि घाम मुलाने गाळायचा, अशी ती वाटणी होती. दोहोंपैकी एक जरी उणे असते, तरी तो वटवृक्ष फोफावला नसता.

बाबासाहेबांच्या चरित्राची साक्ष

कष्ट आणि संधी यांच्या नात्याचा सर्वांत लख्ख दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात मिळतो. त्यांच्याइतका व्यासंग आधुनिक भारतात क्वचितच कोणी केला असेल. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील आणि लंडनमधील त्यांच्या अभ्यासाचा आवाका पाहिला, की मती गुंग होते. तरीही ते केवळ स्वकष्टावर मोठे झाले, असे म्हणणे त्यांच्या चरित्रालाच धरून होणार नाही. त्यांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते, लष्करी शाळेत शिकवत होते. ज्या समाजाला शाळेची पायरी निषिद्ध होती, त्या समाजातल्या एका घरात लष्करामुळे अक्षर पोहोचले होते. मुलाच्या पुस्तकांसाठी रामजी आपल्या विवाहित मुलींकडे उसने पैसे मागत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे त्यांच्या शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून १९१३ साली ते अमेरिकेस जाऊ शकले. लंडनचे अपुरे शिक्षण पूर्ण करण्याच्या वेळी शाहू महाराजांचे साहाय्य झाले.

आणि तरीही १९१७ साली हा उच्चविद्याविभूषित तरुण बडोद्यास नोकरीवर रुजू झाला, तेव्हा त्या शहरात त्याला राहायला जागा मिळाली नाही. जात लपवून पारशी पथिकाश्रमात काढलेले दिवसही संपले आणि त्याला बाहेर पडावे लागले. ‘कष्ट करा, गुणवत्ता दाखवा, समाज तुम्हांला मान देईल’ असे सहजपणे सांगणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग आठवावा. त्या तरुणाच्या गुणवत्तेत काय उणे होते? उणे समाजात होते.

खर्डेकरांचे घर

हे सारे शंभर वर्षांपूर्वीचे, आज त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्यासाठी क्रीडाक्षेत्राकडे पाहावे. तेथे आकडा बोलतो, वशिला फार काळ चालत नाही. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. खाशाबांचे वडील स्वतः पैलवान होते, म्हणजे तांबड्या मातीचा वारसा घरात होता. कष्टाला तर तोडच नव्हती. पण हेलसिंकीस जाण्यासाठी पैसे नव्हते आणि सरकारी मदतीचा भरवसा नव्हता. गावाने वर्गणी गोळा केली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर ७ हजार रुपयांना गहाण टाकले. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, लढती केल्या आणि त्या पैशातून ते घर सोडवून दिले. पदकाइतकीच ही गोष्टही मोलाची आहे. आपल्या यशात दुसऱ्याचे घर गहाण पडले आहे, हे त्या पैलवानाला पदक गळ्यात पडल्यावरही आठवत होते.

त्यानंतर महाराष्ट्रातील खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास तब्बल ७२ वर्षे लागली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे नेमबाजीत कांस्यपदकाचा मानकरी ठरला. त्याचे वडील शिक्षक. मुलाच्या सरावासाठी त्यांनी कर्ज काढले. पण स्वप्नीलच्या पाठीशी खाशाबांच्या वेळी नव्हत्या अशा दोन गोष्टी होत्या : कोवळ्या वयात त्याला घडवणारी राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी आणि पुढे रेल्वेतील नोकरी. खर्डेकरांच्या घराची जागा काही अंशी संस्थेने घेतली होती. मधल्या ७२ वर्षांत महाराष्ट्रात जिद्दीचे खेळाडू जन्मलेच नाहीत, असे कोण म्हणेल? ज्यांना खर्डेकर भेटले नाहीत आणि प्रबोधिनीचा पत्ता ठाऊक नव्हता, अशांची गणती कोणी ठेवलेली नाही.

म्हणून कष्ट व्यर्थ का?

येथे दुसऱ्या टोकाला जाण्याचा मोह टाळला पाहिजे. ‘सारे जन्मावरच ठरते’ हे तत्त्वज्ञान हल्ली विद्वत्तेचे लक्षण मानले जाते. ते ऐकायला क्रांतिकारक वाटते, परिणामी मात्र ते ‘नशिबात असेल तसे होईल’ या जुन्या वचनाचाच नवा अवतार ठरते. झोपडीतल्या मुलाला ‘तुझ्या हाती काही नाही’ असे शिकवणे म्हणजे त्याच्याकडे असलेले एकमेव भांडवल काढून घेणे होय. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्वांना सारखीच भाकरी मिळत होती. तरी काही जण पुढे गेले, काही मागे राहिले. तेथे फरक पाडला तो परिश्रमांनीच.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण या संदर्भात चिंतनीय आहे. १८७५ साली कोकणातल्या मुरूडचा हा किशोर परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्यास गेला. वय लहान दिसते, असे म्हणून त्याला परीक्षेस बसूच दिले नाही. दुसरा कोणी असता, तर त्या पायपिटीनंतर शिक्षणावरून मनच उडाले असते. कर्वे मुंबईस जाऊन पदवीधर झाले, फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. पण त्यांची थोरवी त्या पदव्यांत नाही. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापले. ज्याला परीक्षेच्या दारातून परतवले गेले, त्याने हजारो मुलींसाठी दार उघडले. कष्टाने मिळवलेले यश इतरांचा वारसा होते, ते असे.

यशस्वी माणसाला आपल्या यशाचे संपूर्ण श्रेय स्वतःकडे घ्यावेसे वाटू लागले, तर समाजाचे काय होते, याचा इशारा ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी १९५८ साली दिला होता. गुणवंतांच्या राज्याची कल्पना त्यांनी आपल्या पुस्तकात रंगवली, ती उपरोधाने. जिंकलेल्यांची अशी ठाम समजूत झाली, की आपण केवळ लायकीमुळे जिंकलो, तर हरलेल्यांविषयी त्यांच्या मनात करुणा उरणार नाही, आणि हरलेल्यांनाही स्वतःविषयी आदर उरणार नाही, असे त्यांना सुचवायचे होते. जगाने तो उपरोध लक्षात न घेता तो शब्दच आदर्श म्हणून डोक्यावर घेतला. २००१ साली, वयाच्या ऐंशीनंतर, यंग यांना याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त करावी लागली.

भारतीय परंपरेने या अहंकारावर फार पूर्वी एक उतारा सांगितला आहे. माणूस जन्मतो तोच ऋण घेऊन, असे ती मानते. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही ती ऋणे. ऋषिऋण म्हणजे ज्ञानाचे ऋण, आणि ते शिकवून, पुढे देऊनच फेडायचे असते. या विचारात कष्टाचा अनादर नाही आणि वारशाची लाजही नाही. जे मिळाले ते नाकारायचे नाही, पण ते केवळ आपल्या पोटच्या मुलापुरते ठेवायचेही नाही, एवढाच त्याचा व्यवहारी अर्थ. मात्र परंपरेचा अभिमान सांगणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की ज्ञानाचे ऋण मानणाऱ्या याच समाजाने शतकानुशतके बहुसंख्यांना ज्ञानाच्या दारात उभे केले नाही. ते कर्ज थकलेले आहे आणि थकलेल्या कर्जावर व्याज चढते.

आजच्या कुटुंबाला हे व्याज फेडायला वाडा गहाण टाकावा लागणार नाही. वार लावून जेवण्याचे दिवस मागे पडले, पण वाराची गरज संपलेली नाही. तिचे स्वरूप बदलले आहे. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती आजही खेड्यांतून येणाऱ्या गरजू मुलामुलींच्या निवासाची सोय करते. अशा कामांना पैसा लागतो, तसा वेळही लागतो. निवृत्त शिक्षकाची आठवड्यातली एक संध्याकाळ, अभियंत्याने दिलेला मुलाखतीचा सराव, बँकेतल्या अधिकाऱ्याने समजावून दिलेला शैक्षणिक कर्जाचा अर्ज, घरातल्या मुलांची वापरून झालेली, पण धड असलेली पुस्तके : हे सारे आजचे वार आहेत. जे ज्ञान एका घरात जेवणाच्या टेबलावर सहज सांडते, ते दुसऱ्या घरातल्या मुलाचे आयुष्य बदलू शकते.

निकालाच्या दिवशी पेढे वाटताना प्रत्येक घराने मुलासह बसून एक यादी करावी. त्याच्या यशात कोणाकोणाचा हात आहे, त्यांची नावे त्यात लिहावीत : आजोबांची सही करण्यापुरती नसलेली साक्षरता, आईने सोडलेली नोकरी, मामाची खोली, शिक्षकांनी जादा दिलेले तास. यादी लांबेल, तसा मुलाचा अभिमान कमी होणार नाही, तो शहाणा होईल. आणि यादी पूर्ण झाली, की मुलाने एवढेच पाहावे, की पुढच्या दहा वर्षांत अनोळखी घरातल्या कोणाच्या यादीत आपले नाव येणार आहे.